नाव कमी करू नका : शाळेतली मुलगी गरोदर आहे असं कळलं तर काय करायचं

हे मी नवीन नोकरीला लागलेल्या बाई आणि सर लोकांसाठी लिहितेय. खानापूर, बेळगाव, निपाणी, हुक्केरी, चिक्कोडी ह्या कर्नाटकातल्या आपल्या पट्ट्यात मराठी शाळेत पोस्टिंग झाली की डीएड-बीएडचं शिकलेलं बरंच कामाला येतं, पण नववीतली एखादी मुलगी उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर घालून मागच्या बेंचवर बसायला लागली आणि एक दिवस प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली तर पुढं काय करायचं, हे कुणीच शिकवलेलं नसतं. मलाही नव्हतं शिकवलं.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट सांगते. दहावीची मुलगी, कन्नडचा पेपर सोडला तर सगळ्यात पास होणारी. दसऱ्याच्या सुट्टीनंतर आलीच नाही. ऑफिसात विचारलं तर कळलं, वडील येऊन टीसी घेऊन गेले, कारण लिहिलंय 'गाव बदलले'. गाव कुठलं बदललं, ती त्याच घरात होती, मागच्या खोलीत, पुढचे कितीतरी महिने अंगणातही आली नाही, आणि नंतर बाळंतपण उरकून घाट उतरून पलीकडे तिचं लग्न लावून दिलं. आम्ही कुणी तिला वाईट बोललो नाही की हाकललं नाही, फक्त टीसीवर सही झाली, आणि तेवढं पुरलं. तेव्हापासून मी एकच धरून बसलेय, की बाकी काहीही होऊ दे, हजेरीपटावरचं नाव राहिलं पाहिजे. नाव असलं की शाळेला तिच्या घरी जायचा हक्क असतो, परीक्षेचा फॉर्म भरायला जागा असते, आणि तिला परत यायला दार असतं. खाली जे सगळं आहे ते त्या नावाभोवती आहे.

एक. लक्ष ठेवा, तपासणी करू नका

उलट्या, सतत झोप, डबा परत नेणं, पीटीला टाळाटाळ, ओढणी सारखी पुढं घेणं, मैत्रिणींपासून बाजूला बसणं, ह्यातलं एकेक इतर कारणानंही असतं. अ‍ॅनिमिया तर आपल्याकडं निम्म्या वर्गाला असेल असं वाटतं. त्यामुळं अंदाज बांधा पण बोलू नका. मुलींना रांगेत उभं करून पोटं बघणं, टॉयलेटात नेऊन किट लावायला सांगणं, बॅग तपासणं, हे प्रकार झालेले मी ऐकलेत आणि ते करणारे चांगल्या मनानंच करतात, पण त्या मुलीनं परत तोंड उघडायचं नाही ह्याची ती खात्रीच असते. शाळेचं काम तपासायचं नाही, विचारायचं आहे, आणि तेही एकाच बाईनं, जिच्याशी ती आधीपासून बोलते तिनं. ती बाई तुम्ही नसाल तर वाईट वाटून घेऊ नका, तिला पुढं करा.

दोन. पहिलं बोलणं

ह्याच्यावर जास्त लिहितेय कारण इथंच बिघडतं.

स्टाफरूम नको, हेडमास्तरांची केबिन नको. लायब्ररी, रिकामा वर्ग, असं जिथं दार लोटलेलं पण बंद नाही. तिला बसायला द्या, पाणी द्या. 'काय केलंस?' असं सुरू करू नका, त्या 'केलंस' मध्येच निकाल लागलेला असतो. 'तुझी तब्येत बरी दिसत नाही, पाळी कधी आली होती?' एवढं साधं पुरतं. आपल्या मुली 'दिवस गेलेत' असं पटकन म्हणत नाहीत, 'पाळी चुकली' म्हणतात, 'पोटात काहीतरी हलतंय' म्हणतात, कधी नुसतं रडतात. मी रडू देते. त्या वेळी घाई केली तर खोटं ऐकायला मिळतं.

आता अवघड गोष्ट. ती बहुतेक पहिल्या वाक्यातच म्हणेल, 'बाई, कुणाला सांगू नका, शपथ घ्या'. शपथ घेऊ नका. अठराच्या आतली मुलगी असेल तर तुम्हाला कळवावंच लागतं (का ते पुढं सांगते), आणि आत्ता शपथ घेऊन संध्याकाळी पोलिसांना सांगितलं तर ती आयुष्यभर कुठल्या मोठ्या माणसावर विश्वास ठेवणार नाही. ती पूर्ण सांगायच्या आधीच तिला सांगा, असं काहीतरी : 'बाळ, मी हे वर्गात, गावात, कुणाच्या तोंडी जाऊ देणार नाही. पण तू अठराची नाहीस म्हणून दोन-तीन सरकारी लोकांना मला सांगावं लागणार, कायदा आहे. कुणाला, कधी, काय सांगते ते आधी तुला सांगेन आणि तुझ्यासोबत बसेन'. हे ऐकून ती गप्प झाली तर गप्प राहू द्या. दुसऱ्या दिवशी परत विचारा.

त्या दिवशी तिला एकटीला घरी पाठवू नका, हे फार महत्त्वाचं. कळलंय असं कळल्यावरचा पहिला दिवस आणि पहिली रात्र सगळ्यात वाईट असते. 'मी मरते' असं म्हणाली तर ते बोलण्याच्या ओघात म्हणाली असं समजू नका. तिच्यासोबत थांबा, कुणीतरी भरवशाचं माणूस रात्री तिच्याजवळ असेल हे बघा. टेली-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीपण लागतो.

आणि घरचं माणूस कोण आधी बोलवायचं ते तिलाच विचारा. आई म्हणेल तर आई, आजी म्हणेल तर आजी. कधीकधी हे करणारा घरातलाच असतो, मामा, काका, सावत्र बाप, अशा वेळी घरी निरोप गेला की मुलगी त्याच रात्री गावाबाहेर पाठवली जाते. त्यामुळं तिनं 'घरी नको' म्हटलं तर ते ऐका आणि आधी १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करा.

तीन. वय रजिस्टरातनं बघा

ॲडमिशन रजिस्टरातली जन्मतारीख बघा आणि तिची एक झेरॉक्स बाजूला ठेवा. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे वय ठरवताना शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट हाच पहिला पुरावा धरतात, तो नसला तर ग्रामपंचायत-महानगरपालिकेचा जन्मदाखला, आणि तेही नसलं तरच हाडांची टेस्ट. म्हणजे तुमच्या कपाटातलं ते जुनं जाड रजिस्टर कोर्टात जाणार. कुणी येऊन 'बाई, एक वर्ष वाढवून द्या की, पोरगीचं लग्न झालंय असं दाखवू' म्हणेल, गावातली मोठी माणसंही म्हणतील. हात लावू नका, खाडाखोड तर नकोच.

मुलगी अठरा पूर्ण असेल, म्हणजे पीयूसीला (अकरावी-बारावीला) अशा असतात, तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, लागत नाही. तिच्यावर जबरदस्ती झाली असेल तर तक्रार करायची की नाही ते ती ठरवणार. बाकी मदत सगळी सारखीच.

चार. कळवणं

पोक्सो कायदा २०१२ चा. अठराच्या आतली व्यक्ती म्हणजे मूल, आणि तिची संमती होती, प्रेम होतं, लग्न झालं होतं, ह्यानं काही बदलत नाही. लग्नाचं तर सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०१७ मध्ये स्पष्टच केलंय, बायको अठराच्या आत असेल तरी तो बलात्कारच. आणि कर्नाटकात आणखी एक गोष्ट आहे जी महाराष्ट्रातनं आलेल्या बाई-सरांना माहीत नसते : इथं २०१६ च्या दुरुस्तीनं बालविवाह मुळातच रद्दबातल धरतात, म्हणजे झालाच नाही असं. मूळ केंद्राच्या कायद्यात तो नंतर कोर्टात जाऊन रद्द करून घ्यायचा असतो. म्हणून 'अहो तिचं लग्न झालंय, आता सासरचं बघतील' हे उत्तर इथं चालत नाही. त्या लग्नातनं झालेलं बाळ मात्र कायदेशीरच असतं, हे आईवडलांना मुद्दाम सांगा, त्यांना तीच भीती जास्त असते.

कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्यानं पोलिसांना किंवा खास बाल पोलीस पथकाला कळवायचं. न कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसानं केलेला गुन्हा दाबला तर वर्षापर्यंत. चांगल्या मनानं कळवलं तर तुमच्यावर केस होत नाही. 'हेडमास्तर कळवतील' म्हणून तुम्ही गप्प बसलात तर ते तुमचंही न कळवणंच होतं, तेवढं लक्षात ठेवा.

प्रत्यक्षात मी कसं करते ते सांगते. आधी १०९८ ला फोन. मुलांची हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट. ते लोक पोलीस स्टेशनपर्यंतचा रस्ता सोपा करतात. मग हेडमास्तरांबरोबर लेखी, एक पान, जे ऐकलं तेवढंच, आपला अंदाज नाही, तारीख-वेळ घालून, आणि पोचपावती घ्या. पोलिसांनी चोवीस तासात बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, सगळे तिला सीडब्ल्यूसी म्हणतात, बेळगावात बसते. ही समिती पोलिसांपेक्षा तुमच्या जास्त कामाची, कारण मुलीला सपोर्ट पर्सन, म्हणजे केसभर सोबत राहणारं माणूस, देणं, तातडीच्या खर्चाला पैसे द्यायची शिफारस करणं, ती राहणार कुठं हे ठरवणं, सगळं तिच्याकडं. 'हिचं शाळेत नाव आहे आणि शाळा तिला ठेवून घेणार आहे' असं लिहिलेलं शाळेचं पत्र पहिल्याच तारखेला समितीपुढं ठेवा. ते नसलं तर मुलीला दूरच्या बालगृहात ठेवतील आणि शाळेचा विषयच निघणार नाही अशी भीती असते.

भाषेचं. आपल्या मुली मराठीत बोलतात, जबाब कन्नडात लिहिला जातो, आणि खाली मुलीची सही. तिला वाचता येत असेल कन्नड, पण पोलिसी कन्नड तिच्या कुठल्या धड्यात नव्हतं. पोक्सोतच सोय आहे की गरज असेल तिथं दुभाषी घ्यायचा. मागा. हळू आवाजात पण मागा, 'सर, तिला मराठीत वाचून दाखवा मग सही घ्या'. जबाब बाई अधिकाऱ्यानं, शक्यतो सब-इन्स्पेक्टर किंवा वरच्या, घ्यायचा, युनिफॉर्म न घालता, मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं, तिच्या विश्वासाचं माणूस शेजारी बसवून. तपासणी बाई डॉक्टरनंच. रात्री मुलीला स्टेशनात ठेवायचं नाही. हे मी आता तोंडपाठ केलंय, तुम्हीपण करा, कारण आयत्या वेळी कुणी पुस्तक उघडत नाही.

आणि सीमेचं. मुलगा गडहिंग्लजचा, मुलगी हुक्केरीची, घटना झाली ऊसतोडीच्या फडावर पलीकडं, मग 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असं ऐकायला मिळतं. हद्द कुठलीही असो, तक्रार तिथंच नोंदवून नंतर पाठवायची सोय आहे, झिरो एफआयआर म्हणतात तिला. १०९८ दोन्ही राज्यात चालतो.

मला ठाऊक आहे, सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीसचा मुलगा, दोघं खरंच एकमेकांचे, अशा वेळी फोन उचलताना हात जड होतो. माझाही झालाय. ह्या कायद्याच्या भीतीनं कितीतरी घरं पोरीला दवाखान्यातच नेत नाहीत हेही खरं आहे, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. पण न कळवता मदत करायला गेलं की पाचव्या महिन्यात कुठल्यातरी दवाखान्यातनं ते बाहेर पडतंच, आणि तेव्हा शाळा लपवणाऱ्यांच्या बाजूला उभी असते, मुलीच्या बाजूला नाही.

पाच. दवाखाना, आणि तोही लवकर

गावातल्या आशाताईंना आणि पीएचसीच्या सिस्टरना सांगून नोंदणी करा, तायी कार्ड (गरोदर बाईचं सरकारी कार्ड) करून घ्या. वय बघून कार्ड द्यायला कुणी कुरकुरलं तर सीडब्ल्यूसीचं नाव घ्या. कोवळ्या वयाच्या गरोदरपणात बीपी वाढणं, फिट येणं, रक्त कमी असणं ह्याचा धोका जास्त असतो, म्हणून हिची तपासणी इतरांपेक्षा जास्त वेळा व्हायला पाहिजे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडनं फुकट तपासणी असते, त्या दिवशी शाळेची सुट्टी लावू नका, हजेरी लावा. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नको म्हणून सांगा, आपल्याकडं सगळं चहाबरोबरच घेतात. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असलं की अ‍ॅनिमिया.

जोरात डोकं दुखणं, डोळ्यापुढं अंधारी, तोंड-हात सुजणं, रक्त जाणं, बाळ हलायचं कमी होणं, ह्यातलं काहीही झालं तर वर्ग सोडून १०८ ला फोन. कणकुंबी-जांबोटीकडं पावसाळ्यात गाडी वेळेवर येईलच असं धरू नका, तारीख जवळ आली की पंधरा दिवस आधी खानापुरात किंवा बेळगावात कुणा नातेवाइकाकडं मुलीला आणून ठेवा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषधं, जेवण, जायची-यायची गाडी सगळं फुकट आहे. बेळगावात जिल्ह्याचा मोठा सरकारी दवाखाना म्हणजे बीम्स. तपासणीला जायला शक्ती योजनेत मुलीला आणि तिच्या आईला सरकारी साध्या बसचं तिकीट पडत नाही, आधार कर्नाटकातलं पाहिजे एवढंच. कोल्हापूरला जाणाऱ्या बसला ते चालत नाही.

मूल ठेवायचं की नाही हे शाळेनं ठरवायचं नसतं, पण वेळेचं गणित शाळेनं सांगायला हवं, कारण घरचे 'बघू, पुढच्या अमावस्येनंतर बघू' करत बसतात. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं आणि वीस ते चोवीसपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात होतो, अल्पवयीन मुली ह्या दुसऱ्या गटात येतात. पालकांची लेखी संमती लागते. त्याच्या पुढं गेलं तर धारवाडला हायकोर्टाच्या खंडपीठात जावं लागतं, आणि एकेक दिवस मोजून काढावा लागतो. सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलंय की मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिचं नाव द्यायची गरज नाही. ही सूट डॉक्टरांना आहे, आपल्याला नाही. मेडिकलमधनं गोळ्या आणून घरी घेणं, कसले काढे, कुणा सुईणीकडं जाणं, ह्याला मात्र स्पष्ट 'नको' म्हणा, रक्त थांबत नाही आणि मुलगी जाते.

मूल ठेवायचं नसेल आणि दिवस पुढं गेले असतील तर बाळ कायद्यानं सीडब्ल्यूसीकडं देता येतं, त्यानंतर साठ दिवस विचार बदलायची मुभा असते. हे माहीत नसल्यामुळं बाळं परस्पर कुणा मूल नसलेल्याला देऊन टाकतात. तो गुन्हा आहे आणि त्यात आईच अडकते.

सहा. शाळेत ठेवणं

आता खरं आपलं काम. आधी कागद बघू. चौदा वर्षांपर्यंत शिक्षण हक्क कायदा २००९ मुळं आठवीपर्यंत कुणालाच काढता येत नाही, आणि त्याच कायद्यात मानसिक छळाला बंदी आहे. नववी-दहावीला तो कायदा तसा पोचत नाही, पण गरोदर आहे म्हणून नाव कमी करा असं एकही सर्क्युलर मी इतक्या वर्षात वाचलेलं नाही. त्यामुळं कुणी म्हणालं 'नियम हाय' तर दाखवा म्हणा. वडील टीसी मागायला आले तर लगेच देऊ नका, बसवा, चहा द्या, विचारा कुठल्या शाळेत घालणार. उत्तर नसेल तर सॅट्सवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, मुलीचं नाव हलवू नका.

आई येऊन म्हणते, 'बाई, नाव काढून टाका बघा, लोकं काय काय बोलूलेत'. मी म्हणते, 'काकू, लोक चार महिने बोलतील, दहावीचं मार्कलिस्ट तिला चाळीस वर्ष लागणार'. बऱ्याच आया ह्यावर थांबतात. वडलांना वेगळं लागतं, त्यांना भीती असते की शाळेत गेली की तमाशा होईल. त्यांना मी नेमकं सांगते की कुठल्या तारखेपर्यंत ती शाळेत येईल, कुठं बसेल, आणि कधीपासून घरी बसून अभ्यास करेल. नेमकं सांगितलं की भीती कमी होते.

शाळेत कुणाला माहीत असावं? हेडमास्तर, तुम्ही, आणि गरज असेल तर क्लास टीचर आणि फॉर्म भरायला कन्नडचे सर. संपलं. एसडीएमसीत, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीत, विषय घेऊ नका, गाव सगळं तिथंच बसलेलं असतं. स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'एका मुलीच्या बाबतीत' असंसुद्धा नको, अशा मुलीची ओळख पसरवणं हा गुन्हा आहे. बाकीच्या मुलांनी विचारलं तर 'तिची तब्येत बरी नाही, डॉक्टरांनी जपायला सांगितलंय', हे खोटं नाही.

'हिला ठेवली तर बाकीच्या पोरी बिघडतील' हे प्रत्येक शाळेत कुणीतरी म्हणणारच, बहुतेक वेळा वयानं मोठा चांगला माणूस. टांझानियात गरोदर मुलींना सरकारनंच शाळा बंद केली होती, २०२१ मध्ये त्यांनी ती बंदी उठवली, एवढा मोठा देश मागं वळला. आणि आपल्या वर्गातल्या बाकीच्या मुली ह्यातनं काय शिकतात ते मी बघितलंय : संकट आलं तर बाईंकडं जाता येतं, हे शिकतात. माझ्याकडं लग्न ठरतंय म्हणून सांगायला आलेल्या दोन मुली अशाच आल्या, तुळशीचं लग्न झालं होतं आणि घरी बोलणी चालू होती. अक्षय तृतीयेला, म्हणजे बसव जयंतीच्या दिवशी, लग्नं भरपूर असतात, त्याच्या आधीचा महिना जरा कान उघडे ठेवा.

रोजचं काय करायचं ते आता. वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर पूर्ण वर्ग खाली आणा, एकट्या तिला नाही. दाराजवळची जागा द्या म्हणजे उलटी आली, लघवीला जायचं झालं तर विचारत बसायला नको, मला तर वाटतं ह्या एका गोष्टीनं मुली टिकतात. पीटी, कवायत, बेंच उचलणं, पाण्याची घागर, खडू-डस्टरची पळापळ, हे बंद. उपास करत असेल तर बोला. दुपारच्या जेवणात अंडं किंवा केळं असतं ते तिला नक्की मिळतंय का बघा, लाजून घेत नाहीत. अंगणवाडीत मातृपूर्ण योजनेतलं गरोदर बायकांचं गरम जेवण २०१७ पासून आहे, बाळंतपणानंतरही सहा महिने मिळतं, पण तिथं जाऊन बायकांच्यात बसायला ती तयार नसते, तर अंगणवाडीच्या ताईंशी बोलून घरी डबा जाईल का ते विचारा, सगळीकडं होत नाही पण काही ताई करतात.

पैशाचं एक सांगते, खोटी आशा देऊ नका. गरोदर बायकांच्या मातृवंदना योजनेचे पाच हजार अठराच्या आतल्या मुलीला मिळत नाहीत, वयाची अट आहे. तिच्यासाठी बघायचं ते म्हणजे मिशन वात्सल्य ह्या बाल संरक्षण योजनेतली स्पॉन्सरशिप, महिन्याला चार हजार, जिल्हा बाल संरक्षण घटकाकडं अर्ज, आणि केस झाली असेल तर जिल्हा कायदे सेवा प्राधिकरणाकडनं नुकसानभरपाई. वकील फुकट मिळतो, नंबर १५१००. फॉर्म कन्नडात असतात, तुम्ही किंवा शाळेतले कन्नडचे सर बसून भरून द्या. कन्नडचे सर ह्या सगळ्यात फार उपयोगी माणूस आहेत, त्यांना विश्वासात घेता आलं तर घ्या.

सात. बाळंतपणानंतर

नववा महिना लागला की घरी अभ्यास पाठवायला सुरू करा, आठवड्यातनं एकदा, वहीत, बहिणीच्या किंवा मैत्रिणीच्या हातनं. फोनवर व्हिडिओ पाठवून उपयोग नाही, तिच्या हातात फोन राहिलेलाच नसतो. मराठी मीडियमच्या मुली शेवटी कन्नडमध्येच अडकतात, गणितात नाही, म्हणून कन्नडची वही पहिली.

सव्वा महिना घरात ठेवतात ते ठीकच आहे, अंगालाही तेवढा वेळ लागतो. पण सव्वा महिना संपला त्या आठवड्यात तुम्ही घरी जा. बाळाला बघायला म्हणून जा, टोपडं घेऊन जा, आणि दप्तराबद्दल विचारा. तुम्ही गेला नाहीत तर तो आठवडा निघून जातो, मग पुढचा, मग पेरणी येते.

परत आल्यावर अडचण दुधाची. सहा महिने बाळाला नुसतं अंगावरचं दूध. घर जवळ असलं तर मधल्या सुट्टीत जाऊन येऊ दे, किंवा आजी बाळाला घेऊन शाळेत येऊ दे, एक खोली द्या कडी लागणारी. लांब असलं तर दूध काढून स्वच्छ झाकणाच्या भांड्यात ठेवायचं, बाहेर ठेवलं तर चार तासांच्या आत, उन्हाळ्यात त्याहून लवकर, वाटी-चमच्यानं पाजायचं, बाटली नको. छाती भरून आली की ताप येतो, मुलगी सांगत नाही, कपडे ओले झाले म्हणून पळून जाते, तर एक जास्तीची ओढणी तुमच्या कपाटात ठेवा. बाळ सहा महिन्यांचं झालं की ग्रामपंचायतीचं 'कूसिन मने' पाळणाघर गावात आहे का विचारा, काही पंचायतीत चालू झालंय.

ती सारखी रडत असेल, बाळाकडं बघत नसेल, झोपत नसेल तर सिस्टरना सांगा, हा आळस किंवा नखरा नसतो, आजार असतो. पुढच्या गरोदरपणाबद्दल सिस्टरच बोलतील, तुम्ही फक्त भेट घडवून आणा. बाळाच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव नसलं तरी दाखला मिळतो, सुप्रीम कोर्टाचा जुलै २०१५ चा निकाल आहे, ऑफिसात अडवलं तर तो सांगा.

मुलगा तुमच्याच शाळेतला असेल आणि अठराच्या आतला असेल तर त्यालाही मारहाण, वर्गात उभं करणं, नाव कमी करणं नको. त्याची केस बाल न्याय मंडळापुढं चालते, तोही मूलच आहे. फक्त दोघांना एका वर्गात ठेवू नका, आणि तुकडी बदलायचीच तर त्याची बदला, तिची नको.

आठ. परीक्षा

दहावीला ७५ टक्के हजेरी लागते. म्हणून पहिल्या दिवसापासून दवाखान्याचे कागद फाईलला लावा, तपासणीचे, अ‍ॅडमिटचे, सगळे, आणि हजेरी कमी पडणार असं दिसलं की जानेवारीपर्यंत थांबू नका, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला आधीच पत्र द्या. मार्चची परीक्षा चुकलीच तर २०२४ पासून त्याच वर्षी परत बसायची सोय आहे, त्यामुळं 'वर्ष गेलं' असं तिला म्हणू देऊ नका. शाळेत येणं जमणारच नसेल, सासरी पलीकडं राहत असेल, तर एनआयओएसची, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयाची, दहावी मराठीतनं देता येते, वय चौदा पूर्ण पाहिजे, पण हा शेवटचा रस्ता ठेवा, कारण तिथं कुणी बाई घरी येऊन विचारत नाही.

हॉल तिकीट आलं की स्वतः नेऊन द्या. सेंटर दुसऱ्या शाळेत असतं, तिथल्या हेडमास्तरांना आदल्या दिवशी भेटून सांगा की एका मुलीचं बाळ बाहेर आजीजवळ असणार, सावलीला बसायला आणि पेपरच्या आधी पाजायला एक खोली लागेल. पेपर तीन तासांच्या वर चालतो, आजीला पाण्याची बाटली आणि वाटी-चमचा घेऊन यायला सांगा. आणि पेपर सुटून ती बाहेर आली की आधी तिला पेपर कसा गेला ते विचारा, बाळ रडलं का ते नंतर.